भिंत फोडून निघणाऱ्या मोटारी: खांडबाऱ्याच्या जुन्या कारखान्यात दोन दिवस

चार महिन्यांनी एस्तेरचा फोन आला. पहिलं वाक्य होतं, “तुझ्याकडे तो लेसरचा टेप अजून आहे ना?”

कसा आहेस नाही, काय करतोस नाही. प्रेमात लोक काळीज मागतात, जीव मागतात. माझ्याकडे भिंती मोजायचं यंत्र मागितलं गेलं. मी “बघावं लागेल” म्हणालो, म्हणजे आपल्यालाही काही भाव आहे असं तिला वाटावं. यंत्र माझ्यासमोर टेबलावरच पडलं होतं.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. मी भूषण, नंदुरबारचा. मेकॅनिकल इंजिनिअरिंग अडीच वर्षं केलं, उरलेलं दीड वर्ष कॉलेजनं माझ्याशिवाय केलं. एका सरांनी माझं जर्नल टेबलावरून खाली टाकलं. मी ते उचलून खिडकीतून बाहेर टाकलं, आणि मग मीही बाहेर पडलो. दारातून. तेव्हापासून मामाच्या मोटारसायकलींच्या शोरूममध्ये गिऱ्हाइकांना मायलेज सांगतो. एस्तेर चिंचपाड्याची, नाशिकला आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला. नाशिक-नंदुरबार बसमध्ये आमचं जमलं आणि चार महिन्यांपूर्वी मी फोनवर इतका ओरडलो की ते मोडलं. विषय काय होता ते आता आठवत नाही. ओरडलेलं आठवतं.

तर तिचं काम असं होतं. शेवटच्या वर्षाला एक जुनी इमारत निवडायची, तिची वीट न् वीट मोजायची आणि नकाशे काढायचे. वर्गातल्या बाकीच्यांनी देवळं, किल्ले, बारवा घेतल्या. हिनं घेतला खांडबाऱ्याचा मोटार कारखाना. तुम्ही म्हणाल, खांडबाऱ्याला मोटार कारखाना? मीही तेच म्हणालो, आणि मी तिथून तीस किलोमीटरवर जन्मलोय.

“मार्चमध्ये पाडतायत,” ती म्हणाली. “मालकाला तिथे मंगल कार्यालय बांधायचंय. माझं सबमिशन गुरुवारी आहे. पुढचं सगळं मोजून झालं, मागची भिंत राहिलीय. ती नाही झाली तर माझं वर्ष गेलं, भूषण.”

म्हणजे तिला भिंत हवी होती. मला काय हवं होतं ते लपवण्यात अर्थ नाही. मला ती परत हवी होती. दोघांच्या गरजा एकाच शनिवारी, एकाच पत्त्यावर भागत होत्या. अजून काय पाहिजे?

शनिवार

सकाळी सातला निघालो. मामा शोरूमचं शटर वर करत होते.

“कोठे चालना रे?”

“खांडबारा. जुना मोटार कारखाना देखाले.”

“अठे नव्या गाड्या उभ्या शेत, त्या इकाले सांगं तं तुन्हं डोकं दुखस. आनि जुना कारखाना देखाले चालना!” मग माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहून म्हणाले, “कारखानाले इतला सेंट कसाले मारा रे?”

मी किक मारली. काही प्रश्नांना हेच उत्तर असतं.

फेब्रुवारीत नंदुरबारबाहेर पडताना हेल्मेटची काच खाली ठेवा, हा या लेखातला पहिला उपयुक्त सल्ला. शेताशेतात लाल मिरची वाळत घातलेली असते. लांबून कुणीतरी गालिचे अंथरल्यासारखं फार सुंदर दिसतं, सगळे फोटो काढतात. जवळून शिंका येतात. मी डोळ्यांत पाणी घेऊन प्रेयसीला भेटायला निघालो होतो, कारण मिरची होतं याची नोंद घ्यावी.

खांडबाऱ्यापर्यंतचा रस्ता दुचाकीला पाऊण-एक तासाचा. निम्मा चांगला, निम्मा तुमची श्रद्धा तपासणारा. मग हळूहळू टेकड्या सुरू होतात, पानं झडलेले साग उभे असतात आणि मधेच एखादा पळस पेटलेला. मधे एका टपरीवर चहा आणि भजी झाली, तीस रुपये. पेट्रोल जाऊन-येऊन दोनशेचं धरा. मी कमी पडायला नको म्हणून तीनशेचं टाकलं होतं. परतीच्या वाटेवर कुणाला तरी चिंचपाड्यापर्यंत सोडावं लागेल, असा माझा अंदाज होता. अंदाज हा शब्द मी इथे फार सभ्यपणे वापरतोय.

एस्तेर पॅसेंजरनं आली. पाठीवर नकाशांची नळी, डोक्यावर टोपी, हातात पाण्याची बाटली. मला पाहून हसली. मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाली, “टेप चार्ज केलायस ना?”

इमारत स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर आहे. आहे म्हणतोय, तुम्ही हे वाचाल तेव्हा होती म्हणा. समोरून पाहिलं तर तीन मोठ्या कमानी, सागाच्या जाड चौकटी, त्यात कधीकाळी माणसाहून उंच काचा. हे शोरूम. आता काचांच्या जागी पत्रे आहेत आणि आत कृषी सेवा केंद्र. ज्या फरशीवर एके काळी नवीकोरी मोटार उभी राहायची तिथे फवारणीचे पंप आणि कपाशीच्या बियाण्याची जाहिरात आहे. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगू, मी रोज ज्या शोरूममध्ये बसतो त्यापेक्षा इथे गिऱ्हाईक जास्त होतं.

मागे कारखाना. लांबच लांब दालन, वर सागाच्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, त्यावर कौलं. एस्तेरनं मान वर करून मला त्या कैच्यांचे जोड दाखवले. एकही खिळा नाही, सगळं खाचेत खाच बसवलेलं. “हे इमारतीचे सुतार नव्हते,” ती म्हणाली. “ही बैलगाडीची पद्धत आहे. चाकाचे आरे असेच बसवतात.” ती असं काही सांगते तेव्हा तिचे डोळे चमकतात. मी कैच्यांकडे पाहायला हवं होतं.

इथे मोटारीचा कारखाना का, याचं उत्तर तिनं आधीच शोधून ठेवलं होतं. त्या काळी मोटार आख्खी येत नसे. इंजिन, चाकं आणि लोखंडी सांगाडा एवढंच रेल्वेनं येई. वरचं अंग, म्हणजे बाकं, कठडे, छप्पर, सगळं लाकडाचं, आपण इथे बांधायचं. खांडबाऱ्याला दारात स्टेशन आणि पाठीमागे सागाचं जंगल. एका व्यापाऱ्यानं दोन्ही पाहिलं आणि कारखाना टाकला. सरकारी बस यायच्या आधी शहादा-तळोद्याकडे ज्या खासगी मोटारी धावायच्या त्यातल्या बऱ्याच इथून अंगं चढवून गेल्या, असं गावात सांगतात. मी अडीच वर्षं मेकॅनिकल शिकलो. मला हे कुणी सांगितलं नाही. कदाचित पुढच्या दीड वर्षात सांगणार असतील.

चावी होती दिलीपभाऊंकडे. दिलीपभाऊ म्हणजे कृषी केंद्राचे चालक, पन्नाशीचे, अंगानं भरलेले, कानामागे पेन खोचलेला.

“अठे काय देखनं शे? बठ्ठं पडेल शे,” ते चावी देत म्हणाले, म्हणजे सगळं पडलंय. मग माझ्याकडे बोट करून एस्तेरला विचारलं, “आनि हाऊ कोन?”

मी कान टवकारले. मित्र म्हणेल? काहीतरी अडखळून बोलेल?

“हेल्पर आहे माझा, दादा,” एस्तेर म्हणाली.

वाचकहो, मी हेल्पर म्हणून चार तास काम केलं. साध्या टेपचं दुसरं टोक धरलं, जाळी झाडली, आकडे लिहून घेतले, शिडी धरली. दुपारी तिनं डबा उघडला तेव्हा तिच्या आईनं केलेली नागलीची भाकरी आणि सुक्या मासळीची चटणी निघाली. त्या भाकरीसाठी मी अजून चार तास हेल्पर राहिलो असतो. पण माझा स्वभाव एकावेळी चार तासच रजेवर जातो.

मागच्या भिंतीला युरियाच्या गोण्यांची थप्पी लावलेली होती. गोण्यांच्या फटीतून एस्तेरनं टॉर्च मारला आणि एकदम ओरडली, “भूषण, इकडे ये. हे बघ!”

आख्खी इमारत चुन्यात बांधलेली. पण या भिंतीत, दगडी कमानीच्या दाराला लागूनच, एक रुंद पट्टा असा होता की तिथे चुना नव्हता. नुसती माती. विटा त्याच, सांध्यांत मात्र माती. नखानं उकरली तर निघत होती. दारातून आत येणाऱ्या माणसाला बाजूला कुणीतरी दुसरं दार लिंपून टाकल्यासारखं वाटावं.

“सर म्हणतील दुरुस्ती आहे,” ती म्हणाली. “पण दुरुस्ती अशी सरळ रेषेत नसते. हे मुद्दाम आहे. हे मला पूर्ण मोजायचंय, तळापासून वरपर्यंत.”

दिलीपभाऊंना विचारलं. ते म्हणाले, “रिपेरिंग व्हई. गोण्या सरकावनी पडतीन मंग.” आणि माझ्याकडे वळून, अगदी सहज, दुकानातल्या कुणालाही सांगावं तसं म्हणाले, “ए हेल्पर, धर रे ती गोणी, भिताडले लावू नको.”

त्यांची काही चूक नव्हती. मला तेच नाव सांगितलं गेलं होतं. पण सकाळपासून तो शब्द मला टोचत होता, आणि आता तो एका तिसऱ्या माणसाच्या तोंडून, एस्तेरच्या समोर बाहेर आला. मी म्हणालो, “मी हेल्पर नाही. इंजिनिअर आहे.” तेही खोटंच. ते हसले आणि म्हणाले, “आसं का? मंग इंजिनिअरसाहेब, गोणी धरा.” मी गोणी उचलली आणि आपटली. ती फुटली. पांढरा युरिया फरशीभर पसरला. ते “आरे!” म्हणत पुढे आले आणि मी त्यांची कॉलर धरली.

किती वेळ धरली होती सांगता येत नाही. कानामागचा पेन खाली पडल्याचा आवाज आठवतो.

पाच मिनिटांत आम्ही रस्त्यावर होतो आणि दाराला कुलूप. दिलीपभाऊ दुकानातून ओरडत होते की आता कलेक्टर आला तरी उघडणार नाही. एस्तेरनं वही बॅगेत टाकली, नळी पाठीवर घेतली आणि स्टेशनच्या दिशेनं चालायला लागली. मी मागून गाडी ढकलत.

“चार वाजता गाडी आहे,” ती म्हणाली.

“मी सोडतो ना चिंचपाड्याला.”

ती थांबली. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला त्याची सवय आहे. ती हळू आवाजात म्हणाली, “तू काहीच पूर्ण करत नाहीस, भूषण. भांडण मात्र पूर्ण करतोस.”

मुक्काम

खांडबाऱ्याला राहायची सोय शोधू नका. विसरवाडीला हायवेवर मिळते, किंवा सरळ नवापूरला जा. मी विसरवाडीला राहिलो. खोलीचे पाचशे, पंखा चालू, नळ आपल्या मर्जीनं. संध्याकाळी ढाब्यावर कोंबडीचा रस्सा आणि भाकरी एकशे ऐंशीला. रस्सा इतका झणझणीत की शेजारच्या टेबलावरचा ट्रकवाला मला म्हणाला, “भो, रडी काय ऱ्हायना? पानी पी.” मी सांगितलं, तिखट लागलं.

घरी जाता आलं असतं. मोटारसायकल होती, रस्ता होता. पण घरी गेलो असतो तर एका मुलीचं वर्ष माझ्या खात्यावर घेऊन गेलो असतो. एवढं तर मलाही कळत होतं.

रविवार

सकाळी आठला कृषी केंद्रासमोर उभा राहिलो. दिलीपभाऊंनी मला पाहिलं आणि हातातला झाडू जरा घट्ट धरला.

“माफी मागाले उनू भाऊ.” कॉलेज आणि शोरूममध्ये माझी अहिराणी पातळ झालीय, पण माफी प्रमाण भाषेत मागायचं धाडस झालं नाही.

“माफी राहू दे,” ते म्हणाले आणि रस्त्याकडे बोट दाखवलं. तिथे युरियानं भरलेला ट्रक उभा होता. “हमाल बठ्ठा प्रार्थनाले गयात. रविवार शे. बारा वाजालोंग कोनी येस नही, आनि डायवरले नवापूर जानं शे. बठ्ठ्या गोण्या उतराव. मंग देखूत.”

ही या भागाची रीत आहे. रविवारी सकाळी खांडबाऱ्यात माल उतरवायला माणूस मिळत नाही, कारण माल उतरवणारी माणसं स्वच्छ पांढरे शर्ट घालून चर्चमध्ये गाणी म्हणत असतात. बाहेरगावचे ट्रकवाले दर वेळी हीच चूक करतात, शनिवारी निघतात आणि रविवारी सकाळी पोचतात. तो ड्रायव्हरही तशीच करून बसला होता, आणि माझ्याकडे असं पाहत होता जणू मी आकाशातून पडलोय.

युरियाची गोणी पंचेचाळीस किलोची असते. पहिली दहा माणूस रागानं उचलतो, पुढची दहा लाजेनं. त्यानंतर राग आणि लाज दोन्ही संपतात आणि फक्त गोणी उरते. दिलीपभाऊ बाजूला खुर्ची टाकून बसले होते. पंधराव्या गोणीला म्हणाले, “पाठ वाकाडू नको, गुडघा वाकाड. इतलं बी शिकाडं नही का इंजिनिअरिंगमा?” पंचविसाव्याला त्यांनी चहा मागवला. माझ्यासाठी पण.

चाळीसएक गोण्या झाल्या असतील. मी पांढरा, घामानं चिकट, खांदे सोललेले. आणि समोर एस्तेर उभी. तीही चिंचपाड्याच्या सकाळच्या प्रार्थनेहूनच आली होती, केसांना तेल, हातात चर्चची पिशवी. दिलीपभाऊंच्या पाया पडून चावी मागावी म्हणून ती एकटी आली होती. मला तिनं फक्त पाहिलं. मी पुढची गोणी उचलली. बोलण्याइतका श्वासच नव्हता.

“ताई, चावी ली जा,” दिलीपभाऊंनी तिला सांगितलं. “आनि त्या भिताडनं इचारनं शे तं जालमबाबाले इचारा. त्यान्हा बाप अठे सुतार व्हता.”

“दादा, मग काल का नाही सांगितलं?” एस्तेरनं विचारलं.

“काल तुम्ही भिताडनं इचारं. मानूसनं कोठे इचारं?”

जालमबाबा कारखान्याच्या मागेच राहतात. ऐंशीच्या पुढचे, बारीक, हातात करवतीचे जुने वण. एस्तेरशी ते घरच्या बोलीत बोलले, बाकीच्यांशी अहिराणीत. घरच्या बोलीतलं निम्मं मी समजलो, निम्मं तिनं सांगितलं. तोवर हमाल चर्चहून परतले होते, त्यांनीही पांढऱ्या शर्टात गोण्यांवरच बैठक मारली. माझ्याकडे पाहून एक जण म्हणाला, “आपला आजना रोजगार खाई टाका रे ह्यानी!” सगळे हसले. मला वाटतं मीही हसलो.

जालमबाबांच्या वडिलांनी आणि त्यांच्या भावांनी आयुष्यभर बैलगाड्या बांधलेल्या. पहिला सांगाडा रेल्वेनं आला तेव्हा शेठनं, म्हणजे त्या व्यापाऱ्यानं, मालगाडीवरून तो उतरवून इथे आणला, नुसती चाकं, इंजिन आणि ड्रायव्हरला बसायला उलटं ठेवलेलं खोकं. शेठनं गवंड्याला सांगितलं, या चाकांएवढं दार कर, दोन्हीकडे एक-एक वीत मोकळी सोड. दाराला नक्षीदार दगडी कमान केली आणि कमानीवर शेठच्या बापाचं नाव कोरलं.

आता बैलगाडीचा साटा, म्हणजे माल ठेवायची चौकट, चाकांच्या मधे असतो. बाहेर कधीच नाही. म्हणून सुतारांनी मोटारीचं अंगही चाकांच्या मधेच बांधलं. दोन बाकं, मधे पाय ठेवायला जागा नाही. शेठ आला, आत बसून पाहिलं आणि ओरडला, हे माणसांसाठी आहे का शेळ्यांसाठी? मग सुतारांनी ते मोडलं आणि नवं अंग चाकांच्या बाहेर, ऐसपैस, दोन्हीकडे कठडे काढून बांधलं. महिनाभर खपून, सागाचं, पॉलिश करून. आणि बाहेर काढायला गेले तेव्हा ते दारातून निघेना.

“मंग?” हमालांपैकी एकानं विचारलं. त्याला गोष्ट माहीत असणार, तरी विचारलं.

“मंग काय,” जालमबाबा म्हणाले. “शेठ म्हने, दार मोडानं नही. दारवर मन्हा बापनं नाव शे. भिताड फोडा. भिताड आपलीच शे!”

तर भिंत फोडली. मोटार निघाली. संध्याकाळी शेळ्या आत शिरू नयेत म्हणून सुतारांनीच भोक मातीनं बांधून काढलं, कारण गवंडी घरी गेला होता. पुढची मोटार झाली, पुन्हा तेच. मग त्याची रीतच पडली. गाडी तयार झाली की गिऱ्हाईक यायचं, भिंतीला नारळ फुटायचा, पहिली वीट गिऱ्हाइकानं काढायची, पुढच्या सुतारांनी. पोळ्याला बैल सजवावा तसे मोटारीला झेंडूचे हार. आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसं भिंत फुटताना बघायला येत, मोटार बघायला नव्हे. मोटारी काय, स्टेशनला दिसायच्या.

एस्तेरनं विचारलं, मग मोटार शोरूममध्ये कशी जायची? तर ती आणखी गंमत. शोरूम उंच जोत्यावर, लोकांना रस्त्यावरून दिसावं म्हणून. कारखाना खाली, मधे तीन पायऱ्या. मोटार पायऱ्या चढत नाही हे शेठच्या लक्षात इमारत पूर्ण झाल्यावर आलं. म्हणून भिंत फोडून मागून काढायची, गावाला वळसा घालून पुढे आणायची आणि फळ्या लावून आठ माणसांनी ढकलत शोरूममध्ये चढवायची. चार दिवस लोकांना दाखवली की त्याच फळ्यांवरून खाली, गिऱ्हाइकाकडे. मी जालमबाबांना सांगितलं की आमच्या शोरूममध्ये गाडीला रिबन बांधतात आणि प्लास्टिकची मोठी चावी देऊन फोटो काढतात. त्यांनी जरा विचार केला आणि विचारलं, “भिताड नही फोडत?” मी नाही म्हणालो. त्यांना फारसं काही वाटलं नाही, पण आमच्या व्यवसायाबद्दलचा त्यांचा आदर कमी झालेला मला दिसला.

किती मोटारी गेल्या? “मोजाले कोन बठेल व्हतं? आम्ही भिताड बांधूत.”

मग सरकारी बस आली, खासगी मोटारी थांबल्या. जालमबाबा तेव्हा आठ-दहा वर्षांचे. शेवटची मोटार तयार होती, पॉलिश झालेली, हार आणलेले. गिऱ्हाईक आलंच नाही. नारळ तसाच राहिला. भिंत फोडायची तर कोणासाठी? वर्षभर ती आत उभी राहिली, मग शेठनं भंगारवाल्याला दिली. भंगारवाल्यानं आतच तिचे तुकडे केले.

“ती तेवढी दारवाटे गयी,” जालमबाबा म्हणाले.

एस्तेरनं ते वाक्य तसंच्या तसं लिहून घेतलं. एक हमाल उठत म्हणाला, चला रे, गोण्या.

हमालांनी भिंतीची थप्पी सरकवून दिली आणि दुपारभर आम्ही ती भिंत मोजली. मातीचा पट्टा कमानीच्या दारापेक्षा चांगला दोन हात रुंद निघाला. मोटारीच्या अंगाची रुंदी त्यावरून कळते, एस्तेर म्हणाली, कारण मोटार उरली नाही पण तिचं भोक उरलंय. मी शिडीवर चढून वरच्या विटा मोजल्या. खांदा वर जात नव्हता, तरी मोजल्या. साडेतीनला वहीतली शेवटची चौकट भरली. तिनं वही मिटली आणि पहिल्यांदा, दोन दिवसांत पहिल्यांदा, माझ्याकडे पाहून मोकळेपणानं हसली.

माझ्या स्वभावाच्या माणसाला एवढं हसू पुरतं. फलाटावर गाडीची वाट बघताना मी विचारलं.

“एस्तेर, आपलं काय?”

तिनं वही पिशवीत ठेवली. “तू आज फार चांगलं काम केलंस,” म्हणाली. “पण ते माझ्यासाठी केलंस.”

“मग कुणासाठी करायचं होतं?”

“तू दिलीपदादांची कॉलर धरली होतीस. म्हणून करायचं होतं. मी आले नसते तरी.”

“केलंच असतं ना!”

“असेल,” ती म्हणाली. “मला खरंच माहीत नाही. आणि मला रोज हे वाटत राहील, की आज कोणाची कॉलर. नाही, भूषण.”

एरवी मी ओरडलो असतो. फलाटावरच्या भजीवाल्यापर्यंत ऐकू गेलं असतं. मी “बरं” म्हणालो. याला समजूतदारपणा समजू नका, खांद्यापासून घशापर्यंत काहीच हलत नव्हतं. गाडी आली, ती चढली, खिडकीतून हात केला. वळणावर गाडी दिसेनाशी झाली तरी मी उभाच होतो, मग भजीवाल्यानं विचारलं, “देऊ का एक प्लेट?” दिली. वीस रुपये. चांगली होती.

घरी

एकूण खर्च अकराशेच्या आत आला, खांद्याला चोळायचा मलम धरून. जायचं असेल तर इमारत बघायला जाऊ नका, ती आता नाही. जालमबाबांना भेटायला जा, पण रविवारी दुपारनंतर, आणि भिंतीबद्दल विचारण्याआधी त्यांच्याबद्दल विचारा.

एस्तेर पास झाली. परीक्षकांनी बाकी सगळं सोडून त्या मातीच्या पट्ट्यावरच अर्धा तास प्रश्न विचारले, असा मेसेज आला. जूनपासून सुरतेला नोकरी. चिंचपाड्याहून सुरतेची गाडी पश्चिमेला जाते आणि नंदुरबार आहे पूर्वेला. म्हणजे आपल्या गावच्या फलाटावर उभं राहून जाणाऱ्या गाडीकडे बघत बसायची जी एक जुनी सोय प्रेमभंग झालेल्यांना असते, ती नकाशानं माझ्यासाठी ठेवलेलीच नाही. मी “अभिनंदन” लिहिलं. त्याखाली आणखी बारा ओळी लिहिल्या होत्या. त्या खोडायला मेहनत पडली.

काय उरलं, असं शेवटी लिहायची पद्धत आहे. मला नीट सांगता येत नाही. मार्चमध्ये एका रविवारी सकाळी मी मामाला काही न सांगता पुन्हा खांडबाऱ्याला गेलो. कारखान्याचं छप्पर उतरवून झालं होतं, सागाच्या कैच्या रस्त्याकडेला रचून ठेवलेल्या. कृषी केंद्र समोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये हललं होतं. दिलीपभाऊ खुर्ची टाकून बसले होते. मला बघून त्यांनी भुवया वर केल्या.

“आते काय मोजनं ऱ्हायनं?”

“काही नही,” मी म्हणालो. “ट्रक उना का?”